दुभाषी बाईंचा शेवटचा रविवार

रामटेकजवळच्या खेड्यातल्या चर्चमध्ये तमिळ पास्टर इंग्रजीतून बोलत आणि शेजारी उभ्या जयवंताबाई ते मराठीत सांगत. उशिरा येणाऱ्यांवर पास्टर दर रविवारी कडाडत, देवाच्या कोपाची भीती घालत. बाई मात्र खुशाल सांगत, "साहेब म्हणतेत, उन्हातानाचे आले तुम्ही, आधी पाणी प्या."

आज बाईंच्या निरोपाचा दिवस होता. सवयीनं त्या पास्टरांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा बाई," पास्टर चक्क मराठीत म्हणाले. "मले समजते सगळं. बहुत दिवसांपासून."

बाई खाली मान घालून पुढच्या बाकावर बसल्या. तेवढ्यात नेहमी उशिरा येणारा रुपराव बायको-पोरांना घेऊन धापा टाकत दारात आला. पास्टरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग बाईंकडे.



"उन्हातानाचे आले तुम्ही," ते म्हणाले, "आधी पाणी प्या."