खाली बघितलं तर नाही

"वर बघितलं तर हो. खाली बघितलं तर नाही. कळलं?" डॉक्टर म्हणाली.

खाटेवरच्या माणसाचे डोळे वर गेले. अपघातानंतर त्याच्या अंगात हलण्यासारखं तेवढंच उरलं होतं. चेहऱ्याची मोडलेली हाडं पट्ट्या घालून बसवली होती. तो आता कुणासारखाच दिसत नव्हता.

डॉक्टरने टाळी वाजवली. "मी टाळी वाजवतेय?"

वर.

तिने हात खाली घेतले. "आता वाजवतेय?"

खाली.

मग तिने त्याचं नाव घेतलं. "हे तुमचंच नाव ना?"

खाली.

बायको खाटेच्या पायथ्याशी फडकं पिळत उभी होती. डॉक्टरने तिच्याकडे बोट केलं. "ही तुमची बायको ना?"

खाली.

"लग्न तरी झालंय ना तुमचं?"

खाली.

दाराजवळच्या स्टुलावर त्याची आई बसली होती. नळ्या बघवत नाहीत म्हणून ती कधी पुढे येत नसे. तिथूनच म्हणाली, "बघा! नवरा ओळख द्यायला तयार नाही. अशा बायकोला धडधाकट माणूससुद्धा देणार नाही."

फडकं पिळताना बायकोचं उजवं मनगट पूर्ण वळत नव्हतं, हे डॉक्टरने पाहिलं.

"हाताला काय झालं, ताई?"

"जुनं आहे."

बाहेर आल्यावर डॉक्टरने आईला समजावलं. "काकू, टाळीची उत्तरं बरोबर येतात. स्वतःबद्दलची सगळी चुकतात. वरच्या मजल्यावरच्या लोकांना दोन्ही बरोबर लागतात. नाहीतर ते म्हणणार, डोळे आपोआप हलतात, याला शुद्ध नाही. मग उपचाराची खाट विसरा. त्याला पलीकडच्या इमारतीत टाकतील."

पलीकडच्या इमारतीत माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर करायचे, नळीने भरवायचे आणि तो मरायची वाट बघायचे. याला ते देखभाल म्हणत. बोलता न येणाऱ्या माणसाला जिवंत ठरवणारे लोक वरच्या मजल्यावर बसत, आणि त्यांच्यापैकी एकजणही जिना उतरून त्याचे डोळे बघायला आला नव्हता.

"माहिती तुम्ही नीट दिलीत ना मला? नाव वगैरे?"

"वा! पोटच्या पोराचं नाव मला माहीत नसेल?" आई भडकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो काही विसरलेला नाही. ती त्याला बोलू देत नाही. रोज कानाशी लागून काहीतरी पढवते."

"ती कशाला असं करेल?"

"हा माझा थोरला, हाताने जरा कडक आहे. ते मनात धरून बसलीय. पण घर कुणी चालवलं? धाकट्याने? तो नुसता शिट्ट्या मारत हिंडायचा. अपघातात दोघं एकाच गाडीत होते, धाकटा जळून गेला बिचारा. राखायचा तो राखला देवाने."

हाताने कडक. डॉक्टरला ते मनगट आठवलं आणि तिच्या डोक्यात सगळं चपखल बसलं. मार खाल्लेली बाई. हलू न शकणारा नवरा. आणि सूड उगवायला आयती संधी.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या आधी ती मुद्दाम लवकर आली आणि खाटेभोवतीच्या पडद्याबाहेर थांबली. आत बायको अगदी हळू बोलत होती.

"मी काय सांगितलंय? आज मुकाट्याने वर बघायचं. नाव विचारलं, वर. बायको विचारलं, वर. तुझा हा खरेपणा दोघांनाही बुडवेल. ऐकतोयस ना? माझ्याकडे बघ."

डॉक्टरने पडदा सर्रकन ओढला. "उत्तरं पढवताय?"

बायको दचकली. "तसं नाही..."

"मग कसं? बुडवेल म्हणजे काय? धमकी देताय त्याला?"

"डॉक्टर, एवढ्या वेळेला तो हो म्हणेल. तेवढं लिहा आणि त्याला खाट द्या. पाया पडते."

"बाहेर थांबा. तपासणी होईपर्यंत आत यायचं नाही."

बायको गेली. डॉक्टरने दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर बसली.

"आता इथे कुणी नाही. खरं सांगा. या बाईची भीती वाटते?"

खाली.

"ती त्रास देते?"

खाली.

"तिला इथे येऊ द्यायचं नाही, असं करू?"

डोळे खाली गेले. परत जागेवर आणून त्याने पुन्हा खाली नेले. जोर लावल्यासारखे.

"म्हणजे ती हवी आहे?"

वर.

"तुमची बायको आहे ती?"

खाली.

डॉक्टरला राग आला. त्याचा की स्वतःचा, तिलाच कळेना. इतक्या ठाम डोळ्यांना बेशुद्ध कुठल्या तोंडाने म्हणायचं? "अहो, मग आहे तरी कोण? बहीण?"

खाली.

"मेहुणी?"

खाली.

"वहिनी?"

डोळे वर गेले. वरच राहिले.

डॉक्टरने खुर्ची आणखी पुढे ओढली. मग तिने विचारलं. "धाकटे तुम्ही?"

वर.

मागे दार करकरलं. ती बाई आत येऊन उभी होती. बाहेरून सासूचा आवाज येत होता, कुणाला तरी सुनेबद्दल सांगत होती.

"तुम्हाला कधी कळलं?" डॉक्टरने विचारलं.

"पहिल्यांदा अंग पुसलं तेव्हाच. थोरला गेला हे सासूला कळलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, मग याच्याजवळ कोण राहिलं असतं?" तिने पाठीमागे हात नेऊन दार घट्ट लावलं. "हा थोरला असता ना डॉक्टर, तर मी एक दिवससुद्धा इथे थांबले नसते."