डिंगोऱ्याचा मामा

"ताई, पहिलं बाळंतपण करताना तुम्ही रडलात का?"

वृषालीने उभं राहून विचारलं आणि दहावीच्या वर्गात खसखस पिकली. मुलांना आधीच मैदानात हाकललं होतं, त्यामुळे हसायला कुणाची चोरी नव्हती. बाळंतपणाचं शिक्षण घेणारी एक शिकाऊ नर्स मुलींशी बोलायला आली होती. "काहीही विचारा," असं ती तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा मुली आपापली नखं बघत बसल्या. शेवटी प्राचीने वृषालीला कोपर मारलं होतं. दम असंल तर तू इचार, म्हणाली. मागच्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी वृषाली यंदा कुणाला ऐकत नव्हती. स्नेहसंमेलनात एकदा माईक काय हातात आला, पोरीची भीडच चेपली. ती उठली आणि विचारून मोकळी झाली.

नर्सताईही हसली. मग म्हणाली, "रडले. पण बाळ झालं तेव्हा नाही, नंतर."

त्या पहिल्या बाळंतपणाची बाई अंगाने सुजून आली होती. आधीचा काही आजार आहे का, असं विचारलं तर बाई नाही म्हणाली, नवरा नाही म्हणाला, सासू तर रागावलीच. बाळ नीट झालं आणि थोड्या वेळात बाईला झटके यायला लागले. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना तिची आई पुढे आली आणि पदराखालून एक जाडजूड फाईल काढून नर्सताईच्या हातात दिली. लहानपणापासूनचं किडनीचं दुखणं. लग्नाआधी लपवलं आणि मग लपवतच गेले.

"बाई वाचली," नर्सताई म्हणाली. "पण तिची आई चार तास माझ्या शेजारी उभी होती गं. चार तास."

मुली चुकचुकल्या. खरंच विचारल्याबद्दल प्राचीने वृषालीच्या पाठीत धपाटा घातला. वृषालीचे कान तापले होते. चाळीस मुली दाटीवाटीने बसलेल्या, एकीचा श्वास दुसरीच्या मानेवर, आणि तरी तिला वाटलं, या खोलीत आपण एकट्याच आहोत.

सकाळी न्हाणीघरात लघवी तपासायची पट्टी पुन्हा हिरवीगार झाली होती. सलग तिसरा दिवस. पट्टी पिवळी राहिली की शाळा, तीन दिवस हिरवी झाली की पुण्याचा दवाखाना. सहावीत असताना पहिल्यांदा तिचा चेहरा सुजला, तेव्हापासून हे चालू होतं. आणि तेव्हापासूनच आई शाळेत, आळीत, दुकानात एकच सांगायची: पोरगी डिंगोऱ्याला गेलीया, मामाकडं. मामाला आधी फोन करून पढवून ठेवायची. मामाला एकच मुलगा, पण गावाच्या, म्हणजे अवसरीच्या लेखी त्याचा दोनदा साखरपुडा झाला होता. घरभरणी एकदा, बोअरला पाणी लागलं म्हणून जेवण एकदा. पुण्याहून येताना आई मंचरच्या स्टँडवर पेढे घ्यायची आणि डिंगोऱ्याचे म्हणून वर्गात वाटायला लावायची.

पुण्याच्या वॉर्डात संध्याकाळ झाली की शेजारच्या खाटांवरच्या पोरांकडे माणसं यायची. काका, मावश्या, वर्गातली पोरं. वृषाली भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. नाहीतर समोरची बाई हमखास विचारायची, तुमचं कुणी न्हाई का येत?

तेवढ्यात वर्गात शिपाई चिठ्ठी घेऊन आला. वर्गाच्या बाईंनी ती वाचली आणि चष्म्यावरून वृषालीकडे बघितलं. "जा गं, न्यायला आलेत. मामाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा आहे म्हणे."

"मज्जा हाय राव तुझी," प्राची म्हणाली. "आमचा मामा दिवाळीलाबी बोलवत न्हाई."

वृषालीने दप्तर उचललं. मैदान ओलांडताना तिने दोनदा मागे वळून बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं. बघायचंय काय, मामाकडे तर चाललीय.

फाटकाबाहेर तिच्या वडिलांनी, आण्णांनी मोटारसायकल चालूच ठेवली होती. मागे आई, साडीच्या दुकानाची पिशवी छातीशी घट्ट धरून. दवाखान्याची फाईल तिच्यातच असणार. आई हलक्या आवाजात म्हणाली, "तोंडाला ओढणी बांध. डोळं सुजल्यालं दिसत्यात."

वृषालीने ओढणी बांधली नाही. गाडीवरही बसली नाही.

"आई, मी मामाकडं जाणार न्हाई."

"अगं, मामाकडं कुटं, आपण तर..." आईने आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यावरच्या टपरीत दोघंतिघं बसले होते. "बस मुकाट्यानं. यष्टी चुकंल."

"दवाखान्यात येते ना. सुई टोचू दे, आळणी खायला दे, समदं करते. पण वर्गात सांगून येते."

आण्णांनी गाडी बंद केली. एकदम शांत झालं. आईचा आवाज चिरका झाला. "तुला कळतंय का पोरी? दोन वर्सानं स्थळं यायला लागतील. मंग कोण दारात उभं ऱ्हाईल?"

"आत्ता तरी कोण येतंय गं?"

आण्णा हँडलवरच्या हातांकडे बघत राहिले. वृषालीने दप्तर काढून त्यांच्यापुढे टाकीवर ठेवलं.

"आण्णा, पाच मिंटं थांबा. आजार कंचा, दवाखाना कंचा, वॉर्ड कंचा, समदं सांगून येते. मंग ज्याला यायचं त्यो येईल."