देवीदास पेंटरची अट

"कागद राहू दे. चष्मा घरी रायला," देवीदास पेंटर म्हणाला.

नीलम हे तिसऱ्यांदा ऐकत होती. अकोल्याहून एसटीनं अमरावतीला यायचं आणि म्हाताऱ्यानं चष्म्याचं निमित्त सांगायचं, असं चाललं होतं. पत्र्यावर मात्र त्याचा ब्रश बिनचष्म्यानं सुतासारखा सरळ चालला होता. शेजारी गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती. एक नजर चिठ्ठीवर, एक पत्र्यावर.

फ्लेक्स आले तसे त्याचे बोर्ड भंगारात जाऊ लागले. ते अक्षर जगावं म्हणून नीलमनं दीड वर्ष खपून त्याचा फॉन्ट केला होता. तो नेटवर सगळ्यांना फुकट वापरता यावा, एवढीच तिची इच्छा. परवानगीच्या कागदावर देवीदासकाकांची सही झाली की काम फत्ते.

त्या अक्षरावर तिचा भारी जीव होता. भातकुली रस्त्यावरचा एक बोर्ड तर खास लाडका. चिठ्ठीत गिऱ्हाइकानं लिहून दिलं होतं, 'ताजी संत्री. बाण डावीकडे काढजा.' काकांनी अख्खी चिठ्ठीच बोर्डावर उतरवली, आणि बाण काढलाच नाही! येणारेजाणारे अजून हसतात. म्हातारा मोठा मिस्कील, असं नीलम सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

आज मात्र तिला रडू येत होतं.

"काका, मन नसंल तं सरळ नाही म्हना. अक्षर तुमचं हाय. मी रागावनार नाही."

देवीदासनं ब्रश घासलेटच्या डब्यात ठेवला.

"मन काहून नाही? देऊन टाक सगळ्याईले. मी तरी कुठं शिकलो? दुसऱ्याईचे बोर्ड पाहूपाहूच हात बसला."

"अटी घालता येतात, काका. वापरनाऱ्याले तुमचं नाव ठेवावं लागंल. अक्षर बदलता येनार नाही. कोनी विकनार नाही."

"यातली एकबी नको. माही एकच अट हाय."

नीलमनं अट लिहून घ्यायला पेन काढलं.

देवीदासनं उठून दुकानाचं दार लोटलं. मग फॉन्टच्या नमुन्याचा कागद मांडीवर घेतला. त्याच्याच हातची सारी अक्षरं तिथं ओळीनं उभी होती. त्यांच्यावरून त्यानं मायेनं हात फिरवला, पहिल्या अक्षरावर रंगानं माखलेलं बोट टेकवलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, आधी मले सांग. ह्याले काय म्हन्तात?"