पाठीचा वाटा

“बंदुकीचा वाटा, कुत्र्याचा वाटा, पाठीचा वाटा!” पानांवर मांसाचे ढीग मांडत वामनदादा ओरडायचा. दादा जाऊन चार वर्षं झाली, तरी तो आवाज गोपाळच्या कानातून जात नव्हता. मारलेलं डुक्कर डोंगरातून वाहून आणणाऱ्याला पाठीचा वाटा मिळे, आणि ती पाठ दादाचीच असे.

आता ती गोपाळची होती. चिपळूणच्या दुकानात तात्यांनी एक जाड बॅग त्याच्या पाठीवर चढवली आणि बैलाला जू आवळावं तसे पट्टे खेचले. बंदूक तात्यांची, आणि गोपाळचं घर उभं होतं ती जागाही त्यांचीच.

“रक्त झिरपायचं नाही ना हो?” तात्यांनी विचारलं.

“थेंबभर नाही. बॅग दहा वर्षं जाईल,” दुकानदार म्हणाला. “पाठीचं तुम्ही बघा!”

तात्या खो खो हसले. “पाठ भक्कम आहे. ह्याच्या भावाच्या वेळी अशी बॅग हवी होती. कड्यावर पाठीवरच्या पोत्याचा दोर तुटला, तोल गेला आणि वामन्या दरीत. बिचारा!”

तो ‘बिचारा’ ऐकताच गोपाळनं पट्टे सोडले आणि बॅग तात्यांच्या पायांशी आपटली.

“दोर तुटला नव्हता, तात्या. मी मागून येत होतो, सगळं पाहिलंय. दादा मुळीला लोंबकळत तुमच्याकडे हात मागत होता. तुम्ही कोयत्यानं दोर कापलात आणि आधी पोतं वर घेतलंत.”