हिरवं बटण

"कॅलेंडर आलं," ठकी म्हणाली. "आता मजा बघ, वहिनी."

वहिनीला मजा काही दिसली नाही. पडद्यावर साधंसुधं कॅलेंडर होतं, चौकोनांत आकडे, कुणालाही कळेल असं. लॅपटॉपमधून बोलणारी बाई मात्र प्रत्येक चौकोनाला एकाच नावानं हाक मारत होती. बटण. बटण. बटण.

ठकीला जन्मापासून दिसत नव्हतं. कॉम्प्युटर ती कानांनी वाचायची आणि कीबोर्डवर चालवायची. माऊस तिच्या काय कामाचा? बाण कुठे आहे तेच दिसत नाही. आजवर तिनं नोकरीसाठी जिथे जिथे अर्ज केला, तिथून गोड शब्दांत नकार आला होता. ही जाहिरात वेगळी होती. वेबसाइट तपासायला माणसं हवीत, आणि ती न दिसणारीच हवीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या अडचणीला पात्रता म्हटलं होतं. ही नोकरी तिला हवीच होती.

परीक्षा घरूनच होती. दवाखान्याची एक खोटी वेबसाइट, तिच्यावर डॉक्टरांची वेळ घ्यायची, आणि वाटेत ज्या चुका सापडतील त्या शेवटच्या रकान्यात लिहायच्या. अट एकच. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांची मदत घ्यायची नाही. मुदत दुपारी बारापर्यंत.

"ही बया एवढ्या घाईघाईनं काय बोलते?" वहिनीनं घड्या घालता घालता विचारलं.

"मला कळतं. तू कपडे बघ."

ठकीनं बाणाची कळ दाबत तारखा एकेक करून मोजल्या आणि हवी ती पकडली. चुकांच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'तारखांना नावं नाहीत. वार, तारीख, महिना बोलून दाखवा.' डॉक्टरांची यादी उघडली, तर ती मुकी. ठकीनं आडनावांची पहिली अक्षरं टाकून पाहिली आणि एक डॉक्टर गळाला लागला. तेही लिहिलं. मग एक सूचनेची खिडकी उघडली आणि आवाज मात्र मागच्याच पानावर रेंगाळत राहिला. ठकी ओठ चावत बसली. पण तिनं ती खिडकी शोधली, बंद केली, आणि लिहिलं, 'खिडकी उघडली की वाचणाऱ्याला आत न्या. बंद झाली की होता तिथे आणून सोडा.'

"मास्तरीणच झालीस की," वहिनी म्हणाली. तिला नणंदेचं मनापासून कौतुक वाटत होतं, फक्त ते तोंडावर सांगायची सवय नव्हती.

शेवटी पाठवायची वेळ आली. पुढच्या बटणावर जायला ठकीनं टॅब दाबला. आवाज थेट पानाच्या तळाशी, कंपनीच्या पत्त्यावर जाऊन पोचला. मागे आली, पुन्हा दाबला. पुन्हा पत्ता. मग तिनं पान ओळीओळीनं वाचलं. 'पाठवा' हा शब्द ऐकू आला, पण नुसता शब्द. एंटर दाबून काही होईना.

"अगं, हे काय समोर ढळढळीत," वहिनीला राहवेना. "चांगलं हिरवंगार बटण आहे. दाबू?"

"हात लावायचा नाही!"

बारा वाजत आले होते. ठकीनं माहीत होत्या तेवढ्या सगळ्या कळा आणि सगळ्या युक्त्या वापरून पाहिल्या. बटण दाद देईना. शेवटी तिनं खुर्ची मागे सरकवली.

"त्यांना मेल लिहिते. म्हणावं, तुमचं बटण फक्त माऊसवाल्यांचं आहे. माझी उत्तरं अडकलीत, ती तुमच्या चुकीनं."

"नोकरी मागायला जायचं आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या चुका काढायच्या?"

"चुका काढायचीच नोकरी आहे, वहिनी. थांब, आधी तोंडावर पाणी मारून येते. डोकं तापलंय."

ती भिंतीला हात लावत मोरीकडे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. मागच्या नकारानंतर ही पोर किती दिवस जेवताना एक शब्द बोलली नव्हती, ते तिनंच पाहिलं होतं. सकाळपासूनची मेहनत एका बटणापायी पाण्यात जाणार होती. तिचा जीव तुटला. लॅपटॉपच्या बाजूला घरातले बाकीचे वापरायचे तो माऊस पडला होता. बाण हिरव्या चौकोनावर नेऊन तिनं एकदाच टिचकी मारली.

ठकी आली तेव्हा लॅपटॉपमधली बाई बोलत होती. 'तुमची उत्तरं मिळाली. धन्यवाद.'

"वहिनी, तू काही केलंस?"

"मी? मी चादरींच्या घड्या घालतेय."

ठकीनं ती ओळ पुन्हा एकदा ऐकली. "मग वेळ भरल्यावर आपोआप जात असणार. तरीच त्यांनी बटणाकडे लक्ष दिलेलं नाही."

"असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं."

मग मेल लिहायचं कारणच उरलं नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. ठकीनं तो स्पीकरवर टाकला. पलीकडे परीक्षा घेणाऱ्या बाई होत्या.

"तुमच्या चुकांची टिपणं आम्ही ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवली," बाई म्हणाल्या. "इतकं बारीक काम दुसऱ्या कुणाचंच नव्हतं."

वहिनीनं ठकीचा खांदा घट्ट दाबला.

"म्हणून मुद्दाम फोन केला, एरवी आम्ही करत नाही. 'पाठवा' बटण आम्हीच तसं करून ठेवलं होतं. कीबोर्डनं ते दाबलं जात नाही, आणि उत्तरं आपोआपही जात नाहीत. पाठवता येत नाही, असं ज्यांनी स्वतःहून कळवलं, त्यांनाच आम्ही घेतलं. तुमचं बटण मात्र माऊसनं दाबलेलं आहे."