अंतरपाटाचं दुसरं टोक

दोन बायकांचं लग्नही कायद्यानं मानावं म्हणून मी, श्रुतिका आणि आमचे दोस्त बालाघाटच्या चौकात उभे होतो, पण बॅनरवाल्यानं ऐन वेळी नकार दिला. तेवढ्यात वारासिवनीच्या बसमधून आई उतरली. तिनं पिशवीतून ताईच्या लग्नातला अंतरपाट काढला. कुंकवाचं स्वस्तिक तसंच होतं. "तुयासाठीच ठेवलता. लिव्ह याच्यावर." मी ब्रशनं लिहिलं, 'आम्हालाही लग्नाचा हक्क'. एक टोक आईनं धरलं. रस्त्यापलीकडे श्रुतिकाची आई तोंडावर पदर धरून उभी होती. आईनं हाक मारली, "विहीणबाई, दुसरं टोक धरा न." ती सावकाश रस्ता ओलांडून आली. दोघींनी अंतरपाट ताणला. त्यामागे मी आणि श्रुतिका, एकाच बाजूला. बाजाराला निघालेल्या म्हातारीनं स्वस्तिक पाहून विचारलं, "तुमी पोरीकडच्या का पोराकडच्या?" "पोरीकडची," आई म्हणाली. श्रुतिकाच्या आईनं पदर सोडला. "मी बी पोरीकडचीच."