मुठीची खात्री

“मिटणारा नको,” समोरचा माणूस म्हणाला. “गेल्या वर्षी मिटणाराच होता. ऐन वेळी उघडला नाही.”

दुकानदाराने मिटणाऱ्या चाकूंचा ट्रे बाजूला सारला आणि काचेच्या कपाटातून सरळ पात्याचे सुरे काढून हिरव्या कापडावर एकेक करून मांडले. दुकान तंबूंचं, दोरांचं आणि पाठपिशव्यांचं होतं, पण त्याचा जीव या कपाटात. दहा प्रश्न विचारल्याशिवाय तो कुणाच्या हाती सुरा देत नसे. “तुम्ही सुरे विकता की सोयरीक जुळवता?” असं बायको त्याला म्हणायची.

तिला हसायला काय जातंय! मागे एकदा त्याने विकलेला सुरा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला होता आणि फोटोखाली एका बाईचं नाव होतं. नवऱ्याने सुरा नेताना कारण सांगितलं होतं कॅम्पिंगचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पीत होता.

“कुठं निघालात, साहेब?”

“कॅम्पिंगला. नदीवर.”

“सोबत मंडळी असतील?”

“फक्त बायको.”

दुकानदाराने त्याला नीट न्याहाळलं. किरकोळ अंगाचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तंबूत झोपणाऱ्यातला वाटत नव्हता. इतके सुरे समोर मांडले, पण एकालाही त्याने अजून हात लावला नव्हता. जणू त्याला त्यांची किळस होती.

“हा बघा,” दुकानदाराने एक साधा, काळपट सुरा उचलला. “याचं पोलाद पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत सलग आहे. वरून नुसत्या दोन फळ्या ठोकल्यात. लाकूड फोडा, काही करा, मोडायचा नाही. दिसायला भिकार, कामाला वाघ.”

“ओल्या हातातून सुटेल?”

“नाही.”

“आणि माणूस घाबरलेला असला, धडपडत असला तर?”

दुकानदाराने सुरा खाली ठेवला.

“एका घावात काम व्हायला हवं, काका,” तो माणूस शांतपणे म्हणाला. “दुसऱ्या घावाला वेळच मिळत नाही.” मग त्याने खिशातून एक काळा रबरी हातमोजा काढला. “हा घालून पकड कशी येते, जरा बघता का?”

हातमोजा कशासाठी घालतात हे दुकानदाराला वर्तमानपत्राने चांगलं शिकवलं होतं. त्याने तो चढवायला घेतला, पण त्याची जाड बोटं अर्ध्यावरच अडकली.

“असू द्या, नुसता मुठीला गुंडाळून बघा.”

“तुम्हाला कापायचं तरी काय आहे?” दुकानदाराने शेवटी विचारलं.

तेवढ्यात त्या माणसाचा फोन वाजला. “हो, सुराच घेतोय,” तो पाठ वळवून हळू आवाजात बोलू लागला. “नाही रे, तिला काहीच कल्पना नाही. शनिवारी नदीवरच कळेल.” आणि तो किंचित हसला.

दुकानदाराने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. विचारण्यासारखं उरलंच काय होतं?

पोलिसांना कळवावं, तर सांगणार काय? गिऱ्हाईक फार चौकस आहे म्हणून? नाही म्हणून हाकलावं, तर पुढच्या चौकात दुसरं दुकान होतं. त्याने खालचा खण उघडला. तिथे दिवाणखान्यात टांगायचे शोभेचे सुरे असत. आरशासारखं पातं, नक्षीची मूठ, चामड्याचं म्यान. आत पोलाद मुठीत जेमतेम बोटाच्या पेराएवढं शिरलेलं आणि डिंकावर तगलेलं. पहिल्या जोराला पातं एकीकडे आणि मूठ दुसरीकडे. ‘फक्त शोभेसाठी’ ही चिठ्ठी त्याने टेबलाखाली नखाने खरवडून काढली.

“मग हा न्या,” तो म्हणाला. “दुकानातला सगळ्यात भारी.”

माणसाने तो दोन्ही हातांनी, सांभाळून घेतला. “देखणा आहे. हातातून सुटणार नाही ना पण?”

“सुटायची गोष्टच नको. माझी खात्री.”

तो गेला, तेव्हा दुकानदाराने कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग टाकलं. साप मेला होता आणि काठीही शाबूत होती. संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि ती पहिल्यांदाच सोयरिकीचा विनोद न करता त्याच्याकडे बघत राहिली. त्याला फार बरं वाटलं.

शनिवार गेला, रविवार गेला. त्याने वर्तमानपत्र दोनदा चाळलं. कुठल्याही बाईचा खून झालेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तोच माणूस दारात उभा राहिला. शर्ट तोच, पण चुरगळलेला. हा भांडायला येणार हे दुकानदाराला ठाऊकच होतं, आणि त्याला आता कशाचंच भय नव्हतं.

“मोडला ना?” माणसाने तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला. आनंद लपवणं त्याला जमलं नाही.

“मोडला.”

माणसाने हिरव्या कापडावर नक्षीची मूठ ठेवली. पातं नव्हतं. शेजारी त्याने तो काळा हातमोजा ठेवला, लहानसा, बायकी हाताच्या मापाचा.

“ती हातमोजे घालून वल्हवत होती, होडी उलटली,” तो म्हणाला. “नांगराचा दोर पायाला गुंतला. गेल्या वर्षीही असंच झालं होतं, पण तेव्हा मी जवळ होतो. म्हणून तर यंदा तिच्यासाठी हा घेतला.”

दुकानदाराने टेबलाची कड घट्ट धरली.

“मूठ मात्र तुम्ही म्हणालात तशीच निघाली, काका. तिच्या हातातून सोडवायला दोन माणसं लागली.”